गोव्यातून त्रिशंकू: साडेअकरा अंशांवरचा जोडतारा कसा गाठायचा

एप्रिल लागला की मला दोन-तीन फोन हमखास येतात. ‘काल रात्री आठला कोलव्याच्या किनाऱ्यावर त्रिशंकू बघितला, काय मस्त दिसला!’ मी विचारतो, ‘त्याच्या डाव्या हाताला दोन ठळक तारे होते का?’ पलीकडे शांतता. म्हणजे बघितला तो खोटा त्रिशंकू, तसाच दिसणारा दुसऱ्या चार ताऱ्यांचा आकार. मला हसायचा अधिकार नाही. मी स्वतः दोन उन्हाळे त्यालाच त्रिशंकू समजत होतो आणि पाहुण्यांनाही ऐटीत तोच दाखवत होतो.

तर हा लेख नव्याने आकाश बघू लागलेल्यांसाठी आहे. त्रिशंकू म्हणजे दक्षिण आकाशातला चार ताऱ्यांचा क्रूस, इंग्रजीत सदर्न क्रॉस. बघायचा आहे त्यातला सर्वांत ठळक तारा, ॲक्रक्स. डोळ्यांना तो एकच ठिपका दिसतो. प्रत्यक्षात ते दोन निळसर-पांढरे, प्रचंड तापलेले तारे आहेत आणि त्यातल्या एकाला आणखी एक चिकटून फिरणारा जोडीदार आहे. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. इथे उपकरणापेक्षा वेळ आणि जागा जास्त महत्त्वाची, कारण गोव्यातून हा तारा क्षितिजापासून फार तर साडेअकरा अंश वर चढतो. त्याहून वर तो कधीच येत नाही.

आधी हा साडेअकराचा हिशेब

ॲक्रक्स खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेघेच्या, ६३ अंश दक्षिणेला आहे. आकाशातल्या पहिल्या प्रतीच्या, म्हणजे सर्वांत ठळक, ताऱ्यांमध्ये सर्वांत दक्षिणेकडचा हाच (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका). पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा. नव्वदातून दोन्ही वजा केले की साडेअकरा उरतात. काणकोणला गेलात तर अर्धा अंश जास्त मिळतो, पेडण्याला थोडा कमी. पुण्यात हाच तारा साडेआठ अंशांच्या आतच राहतो, नागपुरात सहाच्या आसपास, आणि दिल्लीत तो उगवतच नाही. पुण्या-मुंबईचे मित्र गोव्यात आले की मी त्यांना एक रात्र किनाऱ्यावर काढायला लावतो, ते या तीन-चार अंशांसाठी. क्षितिजाजवळ एकेक अंश सोन्याच्या मोलाचा असतो.

अंश मोजायला काही लागत नाही. हात सरळ ताणून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण दहा अंश. मधली तीन बोटं जुळवली की पाच अंश. करंगळी एक अंश. म्हणजे आपला तारा क्षितिजापासून एक मूठ आणि वर जेमतेम दीड करंगळी, एवढ्या उंचीवर.

पायरी पहिली: तारीख आणि वेळ

त्रिशंकू बरोबर दक्षिणेला, सरळ उभा आणि सर्वांत उंच असतो ती वेळ गाठायची. गोव्यातून ती १५ मे रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास येते. रोज चार मिनिटं अलीकडे सरकते, म्हणजे पंधरवड्याला एक तास. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या जरा आधी, मार्चच्या मध्यावर रात्री दीडला, फेब्रुवारीत पहाटे सव्वातीनला आणि जानेवारीच्या मध्यावर पहाटे पाच-वीसला. मे संपता संपता सव्वाआठ-साडेआठलाच, संधिप्रकाश विरतो न विरतो तोच, तो मावळतीकडे कलायला लागतो. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि विषय संपतो.

अगदी मिनिटाला जाऊन पोहोचायची गरज नाही. त्या वेळेच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ॲक्रक्स आठ अंशांच्या वर असतो. एवढी मुदत पुरते. पण कोलव्याच्या फोनवाल्यांचं गणित चुकतं ते इथेच. एप्रिलमध्ये रात्री आठला खरा त्रिशंकू आग्नेयेला नुकता उगवत असतो, धुरकटात बुडालेला. त्या वेळी बरोबर दक्षिणेला ऐटीत उभा असतो तो खोटा.

आता मे की जानेवारी? लोक मे निवडतात, कारण शाळांना सुट्टी आणि वेळ सोयीची. माझं मत जानेवारीच्या बाजूने. मे महिन्यात हवेत दमटपणा इतका असतो की क्षितिजावरची पहिली पाच-सात अंशांची पट्टी दुधासारखी दिसते, आणि महिन्याच्या शेवटी पावसाळी ढग दक्षिणेकडूनच वर यायला लागतात. जानेवारीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, हवा कोरडी असते. गजर लावून साडेतीनला उठावं लागतं एवढीच काय ती किंमत. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा. हवा आणि वेळ यांतला तो बरा सौदा आहे.

चंद्राचं म्हणाल तर ॲक्रक्स चंद्रप्रकाशातही दिसतो, पण धुरकट हवेत चांदणं पसरलं की त्रिशंकूचे बारीक तारे हरवतात. घरच्या कॅलेंडरवर अमावस्या बघा आणि तिच्या आगेमागे चार-पाच दिवस पकडा.

पायरी दुसरी: दक्षिण उघडी असलेली जागा

आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून बसलेले. सूर्यास्ताला ते झकास, पण आपल्याला दक्षिण हवी. म्हणून जागा दिवसा जाऊन बघून ठेवायची. दक्षिणेला तोंड करून उभं राहायचं, हात ताणून तीन बोटं क्षितिजावर आडवी धरायची. बोटांच्या वर डोंगर, माड, इमारत, टॉवर काहीही डोकावत असेल तर ती जागा बाद. आमच्या फोंड्यातली बहुतेक घरं या एकाच परीक्षेत नापास होतात, दक्षिणेला डोंगर असतोच. सत्तरी, सांगे या भागांतही तेच. आकाश तिथे गर्द काळं, पण खालचे दहा अंश डोंगराने खाल्लेले.

मिरामारला दक्षिणेकडे दोना पावलाची टेकडी आणि दिवे. दोना पावलाहून झुवारीपलीकडे मुरगाव बंदर, तिथला उजेड क्षितिजाला चिकटून. कोलवा-बाणावलीच्या लांबलचक पुळणीवर दक्षिण मोकळी मिळते, फक्त शॅकच्या झगमगाटापासून अर्धा-पाऊण किलोमीटर चालत जा आणि माडांची रांग डावीकडे ठेवा. गोव्याच्या दक्षिण टोकाला, पोळे गावात, अक्षांशाचा फायदा मिळतो, पण दक्षिणेला कारवारचे दिवे आहेत, त्यामुळे मिळवलेलं तिथेच गमावतो.

माझी आवडती जागा काब द राम. किल्ल्याच्या आत रात्री जायचा विचार करू नका, बाहेरचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, पुरेसा आहे. तिथून किनारा आग्नेयेकडे वळत जातो, त्यामुळे बरोबर दक्षिणेला नुसता समुद्र उरतो. आसपास मोठं गाव नाही. कड्याच्या जवळ मात्र अंधारात फिरायचं नाही. बसायची जागा उजेड असतानाच ठरवायची आणि रात्रभर तिथेच बसायचं. पायात बूट घाला, चप्पल नको. जांभ्या दगडाच्या फटींत विंचू-साप असतात.

अगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे हे कासवांचे किनारे आहेत. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात, पुढे पिल्लं बाहेर पडतात. टॉर्चच्या उजेडाने त्यांची दिशा चुकते. त्या मोसमात रात्री दुर्बिणी-ट्रायपॉड घेऊन तिथे गर्दी करू नये. जागा कितीही सुंदर असली तरी माझ्या यादीत ती नाही.

पायरी तिसरी: डोळे आणि पिशवी

पोहोचल्यावर वीस मिनिटं फोन बघायचा नाही. पहिल्यांदा आलेल्यांना हे सर्वांत जड जातं. टॉर्च हवाच असेल तर त्यावर लाल जिलेटिन कागद दोन पदरी गुंडाळा. नाताळच्या नक्षत्रातून, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या कंदिलातून, किंवा दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला तुकडा चालतो, गोव्यात तो कुठल्या ना कुठल्या घरात पडलेला असतोच. फोनवर स्टेलॅरियम असेल तर त्यातला रात्रीचा लाल पडदा आधीच चालू करून ठेवा आणि ठिकाण गोवा निवडलंय ना हे तपासा. एकदा ॲपमध्ये जुनं ठिकाण राहिल्याने आम्ही अर्धा तास भलत्याच उंचीवर शोधत होतो.

फोनच्या होकायंत्रावर फार विसंबू नका. कव्हरमधलं चुंबक आणि शेजारी उभी गाडी त्याला सहज वीस अंश फिरवतात. त्यापेक्षा आकाशच दिशा सांगेल.

बाकी सामान: चटई, पाणी, ओडोमॉस, जानेवारीत स्वेटर. बायनॉक्युलर असेल तर १० बाय ५० (दहा पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) चांगला, ७ बाय ५० सुद्धा चालेल.

पायरी चौथी: हस्ताचा हात धरून खाली उतरा

उत्तरेला सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की नारिंगी स्वाती येतो, बाक आणखी पुढे नेला की पांढरीशुभ्र चित्रा. चित्रेशी जरा थांबा, कारण तीही निळसर-पांढऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. ते दोन तारे चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, इतके जवळ आहेत. कुठल्याच घरगुती दुर्बिणीत ते वेगळे दिसत नाहीत. ॲक्रक्स मात्र दिसू शकतो.

चित्रेच्या उजवीकडे, जरा खाली, चार ताऱ्यांचा तिरपा चौकोन म्हणजे हस्त. तळहातासारखा, म्हणून नाव हस्त. हा चौकोन बरोबर दक्षिणेला आला की त्रिशंकूही बरोबर दक्षिणेला असतो. हस्तापासून सरळ खाली, चार मुठी उतरा. वाटेत नरतुरंगाचे तारे लागतील, त्यात अडकू नका. चार मुठी संपतात तिथे चार ताऱ्यांचा एक छोटा, नीटस पतंग दिसेल.

छोटा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरहून भाची आली होती, आठवीतली. काब द रामच्या सड्यावर बसलो होतो, दिवसभराच्या उन्हाने दगड अजून कोमट होता. तिने हस्तापासून मुठी मोजत मोजत चौथी मूठ ठेवली, ती बाजूला केली आणि म्हणाली, ‘मामा, एवढाच?’ तिने हात ताणून तीन बोटं आडवी धरली तर वरच्या ताऱ्यापासून खालच्यापर्यंतचा अख्खा त्रिशंकू जवळजवळ त्यामागे झाकला गेला. खरंच, तो उभा फक्त सहा अंश आहे. आकाशातल्या ८८ तारकासमूहांत क्षेत्रफळाने सर्वांत लहान. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्राझील यांच्या झेंड्यांवर बघून आपण तो मनात फुगवलेला असतो.

पायरी पाचवी: खरा की खोटा

तीन खुणा तपासा. एक, डावीकडे जरा अंतरावर दोन ठळक तारे हवेतच. त्रिशंकूच्या जवळचा मित्रक आणि त्याच्याही डावीकडे, थोडा खाली, मित्र. मित्र म्हणजे आल्फा सेंटॉरी, आपल्यापासून सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवर, पिवळसर. मित्राकडून मित्रकाकडे रेघ काढून पुढे नेली की ती त्रिशंकूच्या वरच्या टोकाकडे जाते. दोन, त्रिशंकूच्या पतंगात खाली उजवीकडच्या कडेजवळ पाचवा फिकट तारा आहे. धुरकट रात्री तो डोळ्यांनी दिसणार नाही, बायनॉक्युलरमध्ये दिसेल. तीन, खरा लहान आणि ठळक, खोटा मोठा आणि फिक्का. खोटा त्रिशंकू उजवीकडे, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला असतो. खरा सरळ उभा होतो तेव्हा खोटा नैर्ऋत्येला मावळायच्या बेतात असतो.

या तिन्ही खुणा पटल्या तर पतंगाचा सर्वांत खालचा तारा बघा. तोच ॲक्रक्स. डावीकडचा तारा मिमोसा, वरचा गॅक्रक्स.

आपल्या कथेत विश्वामित्राने त्रिशंकू राजाला सदेह स्वर्गात पाठवलं, इंद्राने त्याला खाली ढकललं आणि विश्वामित्राच्या शब्दाने तो मध्येच, खाली डोकं वर पाय असा लटकला. हे लक्षात घेतलं तर युरोपीय खलाशी ज्याला क्रुसाचा पायथा म्हणतात ते आपल्याकडे राजाचं डोकं ठरतं. मुलांना दाखवताना मी ॲक्रक्स म्हणजे राजाचा मुकुट असं सांगतो. शास्त्रात बसत नसेल, पण मुलांना तारा लक्षात राहतो.

आणखी एक फसगत, ही खास किनाऱ्यावरची. क्षितिजावर मासेमारीच्या होड्यांचे दिवे आणि मुरगावबाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे असतात. पहिल्या वर्षी मी एका दिव्याला दहा मिनिटं ॲक्रक्स समजून न्याहाळत होतो, आणि ‘फारच स्थिर आहे बुवा’ असं कौतुकही केलं. स्थिर होता तेच चुकलं. एवढ्या खालचा तारा जोरात लुकलुकतो, लाल-हिरवा-निळा असे रंग उधळतो. जो लुकलुकत नाही तो दिवा.

पायरी सहावी: ‘निळसर-पांढरा’ कुठे आहे?

इथे बहुतेकांची निराशा होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. साडेअकरा अंशांवर ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत सुमारे पाचपट हवा ओलांडून येतो. तेजात एक प्रत तरी घट होते, दमट रात्री जास्त. शिवाय हवा निळा रंग आधी उधळून टाकते, सूर्य मावळताना तांबूस होतो तसंच. त्यामुळे पुस्तकात ०.८ प्रतीचा निळसर तारा आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, साधा पांढरा, कधी चक्क पिवळट दिसतो. डोळ्यांत दोष नाही.

रंग बघायची एक युक्ती आहे. बायनॉक्युलरमध्ये आधी वरचा गॅक्रक्स घ्या, मग ॲक्रक्स. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ठिपक्याची छोटी चकती होते आणि चकतीत रंग चटकन कळतो. गॅक्रक्स हा ८८ प्रकाशवर्षांवरचा लाल राक्षसी तारा, त्याची चकती नारिंगी. त्याच्या शेजारी ॲक्रक्सची चकती पांढरी, किंचित थंड छटेची. फरक कळतो, आणि कळला की पुरे. फोनच्या नाइट मोडमध्ये, ट्रायपॉडवर, दहा-पंधरा सेकंदांचा फोटो काढलात तर तोही थोडा आउट ऑफ फोकस ठेवून बघा. रंग पडद्यावर अधिक स्पष्ट येतात.

हे तारे निळसर का? पृष्ठभागाचं तापमान. आपला सूर्य ५,८०० केल्विनच्या आसपास, हे दोघे पंचवीस हजारांच्या आसपास. मुख्य दोन्ही ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या पंधरापटीच्या घरातलं. असे तारे इंधन उधळपट्टीने जाळतात. सूर्य अब्जावधी वर्षं चालतो, यांचं आयुष्य एक-दोन कोटी वर्षांतच आटोपतं आणि शेवट स्फोटात होतो. आज-उद्या नाही, निर्धास्त राहा.

अंतर सुमारे ३२० प्रकाशवर्षं. म्हणजे काब द रामच्या सड्यावर तुमच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश तिथून निघाला तेव्हा पणजी राजधानी व्हायला अजून सव्वाशेहून जास्त वर्षं बाकी होती. ती झाली १८४३ साली.

पायरी सातवी: एकाचे दोन करा

ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. मला मात्र सगळी गंमत इथेच वाटते.

बायनॉक्युलरमध्ये ॲक्रक्सच्या खाली, किंचित उजवीकडे, दीड कलामिनिटावर (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक फिकट तारा आहे, सुमारे पाचव्या प्रतीचा. कोपर गुडघ्यांवर टेकवून किंवा बायनॉक्युलर गाडीच्या टपावर ठेवून बघा, हलत्या हातात तो निसटतो. धुरकट असेल तर दिसणारच नाही, नाद सोडा. हा तारा म्हणजे मुख्य जोडी नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. बरेच जण हा दिसला की ‘जोडी फुटली’ म्हणून नाचतात.

खरी जोडी फक्त चार कलासेकंदांवर आहे (कलासेकंद म्हणजे कलामिनिटाचा साठावा भाग). एकाची प्रत १.३, दुसऱ्याची १.७ च्या आसपास. ऑस्ट्रेलियात डोक्यावर असताना छोट्या दुर्बिणीतही ती सहज सुटते. गोव्यात आपण तिला हवेच्या जाड थरातून बघतो, त्यामुळे किमान ८० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण आणि १०० ते १५० पट वर्धन धरा. त्याहून वाढवाल तर फक्त उकळत्या पाण्यातला ठिपका मोठा होईल.

आता एक बारकावा, जो कळायला मला बरेच मोसम लागले. इतक्या खाली हवा लोलकासारखी वागते. ताऱ्याचा ठिपका उभा ताणला जातो, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळा. हा ताण चार कलासेकंदांएवढा सहज होतो. जोडीतले तारे एकावर एक असते तर या रंगीत लोळात मिसळून गेले असते. पण त्रिशंकू सरळ उभा असतो तेव्हा ही जोडी जवळजवळ आडवी असते, दुसरा तारा डावीकडे आणि थोडा खाली. ताण उभा, जोडी आडवी. म्हणून ती सुटते. म्हणूनच तारा सर्वांत उंच असतानाची वेळ पकडायची. तेव्हा हवाही कमी असते आणि जोडीही आडवी असते. आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तिथे डावं-उजवं मनात फिरवून घ्या.

दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे ती बाहेरच्या हवेइतकी थंड होते. जानेवारीत दव इतकं पडतं की भिंगावर पडदा धरतो. जुन्या योगा मॅटचा तुकडा नळीभोवती गुंडाळून पुढे वीतभर काढा, दव बरंच अडतं. दुर्बीण जवळपास आडवी राहते, म्हणून स्टूल बुटकं हवं. उभ्याने वाकून बघाल तर दहा मिनिटांत कंबर बोलायला लागेल. आणि मग वाट बघायची. हवा दोन-तीन सेकंद शांत होते, ठिपका एकदम दोन होतो, पुन्हा विस्कटतो. त्या दोन सेकंदांसाठी डोळा लावून बसायचं. माझ्या चार इंचीतून मी खूप रात्री रिकाम्या हाताने परतलोय. पहिल्यांदा जोडी सुटली त्या रात्री शेजारी दाखवायला कोणी नव्हतं, याची चुटपुट अजून आहे.

यातला जास्त तेजस्वी तारा स्वतःही जोडी आहे. त्याचा लपलेला साथी सुमारे ७६ दिवसांत एक फेरी मारतो, पण तो वर्णपटावरूनच ओळखता येतो, दुर्बिणीतून नाही. आणि जे दोन आपण वेगळे पाहतो ते एकमेकांभोवती इतके सावकाश फिरतात की एका फेरीला हजारावर वर्षं लागावीत.

हा जोडतारा आहे हे ध्यानात आलं १६८५ साली. सयामला (आताच्या थायलंडला) निघालेल्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांपैकी फोंतने यांनी केप ऑफ गुड होपला मुक्काम असताना दुर्बिणीतून तो दोन बघितला. चार वर्षांनी, १६८९च्या डिसेंबरात, दुसरे जेझुइट रिशो यांनी पुदुच्चेरीहून धूमकेतू बघताना शेजारचा मित्र, म्हणजे आल्फा सेंटॉरी, हाही जोडतारा असल्याचं पाहिलं. हे काम भारताच्या किनाऱ्यावरून झालं. पुदुच्चेरी आपल्याहून तीन-साडेतीन अंश दक्षिणेला, म्हणजे तिथे तारे तेवढे वर.

त्याच्याही आधी, १ मे १५०० रोजी, पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्यातले वैद्य आणि ज्योतिषी मेस्त्रे जुआँव यांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं आणि त्यात या क्रुसाचं रेखाटन काढलं. हलत्या जहाजावरून ताऱ्यांची उंची नीट मोजता येत नाही, अशी तक्रारही केली. तोच ताफा सप्टेंबरात कालिकतला पोहोचला. कोपर टेकवूनही बायनॉक्युलर स्थिर राहत नाही तेव्हा मला ते पत्र आठवतं.

खलाशी त्रिशंकूची उभी रेघ खाली साडेचारपट वाढवून दक्षिण ध्रुव काढत. गोव्यात ती रेघ समुद्रात बुडते, ध्रुव क्षितिजाच्या साडेपंधरा अंश खाली. पण पतंग सरळ उभा असताना त्याच्या पायथ्याशी जे क्षितिज आहे ती खरी दक्षिण. फोनचं होकायंत्र त्यावर ताडून बघा, किती खोटं बोलतं ते कळेल.

काही जमलंच नाही तर

सलग दोन-तीन रात्री नुसता दुधाळ पट्टा दिसला तर हताश न होता महिना बदला. स्वतःची दुर्बीण घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी ही गोव्यातली जुनी संस्था, तिथे हौशी लोक भेटतात. दुर्बिणीसाठी घाईने पैसे टाकू नका. माझी पहिली दुर्बीण ‘पाचशे पट’ असं खोक्यावर लिहिलेलं बघून घेतली होती. तिचा ट्रायपॉड वाऱ्याच्या झुळकीला डुलायचा, शेवटी तिला घरातल्या कपाटावर जागा मिळाली.

किनाऱ्यावर रात्री पोलिसांची गाडी आली तर उठून पुढे जा, दुर्बीण दाखवा, बघायला बोलवा. मला आजवर कोणी हाकललं नाही. एका हवालदारांनी तर मित्र आणि मित्रक कोणते ते मलाच परत विचारून घेतलं, घरी पोराला दाखवायला म्हणून.

परतल्यावर लगेच करायचं काम एकच. समुद्राच्या वाऱ्याने भिंगावर मिठाचा बारीक थर बसतो. तो शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात. आधी ब्लोअरने उडवा, मग भिंगाच्या कापडाला थेंबभर द्रव लावून हलक्या हाताने फिरवा, आणि खोकं बंद करण्याआधी सगळं पंख्याखाली वाळू द्या. जानेवारीत हे उरकेपर्यंत उजाडतं, खाली पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. भिंग वाळेपर्यंत गरम पाव घेऊन या.